राष्ट्राचे सुतक

राजकीय हत्येची बातमी फुटली की शोकाच्याही आधी एक प्रश्न तोंडोतोंडी होतो, आणि तो मृताविषयी नसून मारणाऱ्याविषयी असतो. तो कोण होता, कुठला होता, कोणाच्यापैकी होता, हे कळल्याशिवाय लोकांना रडायलाही सुचत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी, शुक्रवारी सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास, दिल्लीतील बिर्ला भवनाच्या हिरवळीवर प्रार्थनेसाठी निघालेल्या गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा फाळणीच्या कत्तलींतून जेमतेम सावरू पाहणाऱ्या देशात या प्रश्नाच्या उत्तरावर अगणित जीव टांगलेले होते. मारेकरी मुसलमान आहे अशी कुजबुज बिर्ला भवनाबाहेरच्या गर्दीत सुरू झालीच होती. गव्हर्नर जनरल माउंटबॅटन तिथे पोहोचले तेव्हा ती त्यांच्या कानी पडली आणि स्वतःची पुरती खात्री होण्याआधीच त्यांनी मारेकरी हिंदू असल्याचे ठासून सांगितले, असे त्यांच्यासोबत असलेल्यांनी नोंदवून ठेवले आहे. ऑल इंडिया रेडिओनेही हत्येची बातमी देताना मारेकरी हिंदू असल्याचा उल्लेख आवर्जून केला. बातमीतल्या त्या एका विशेषणाने त्या रात्री उत्तर भारतातील कितीतरी मोहल्ले वाचवले असतील, याचा अंदाजच करावा लागतो, कारण जे घडले नाही त्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नसतो.

मात्र ज्या उत्तराने दिल्ली वाचली, त्याच उत्तराचा पुढचा तपशील महाराष्ट्रात पोहोचला तेव्हा त्याचे काम उलटे झाले. मारेकरी हिंदू होता एवढे ऐकून उत्तरेत हात थबकले. तो मराठी, पुण्यात वृत्तपत्र चालवणारा, चित्पावन म्हणजे कोकणस्थ ब्राह्मण होता हे कळल्यावर दख्खनेत ते उगारले गेले. गांधीहत्येनंतरच्या राष्ट्रीय शोकाचा आणि त्या शोकातून निघालेल्या एकतेच्या हाकेचा विचार करताना हे दोन्ही परिणाम शेजारी ठेवून पाहण्याचा प्रघात मराठीत फारसा नाही. पहिला परिणाम राष्ट्राच्या इतिहासात जातो, दुसरा घरगुती आठवणींत, आणि दोन्हींची गाठ सहसा पडत नाही.

त्या आठवड्यात दिल्लीत जे घडले ते आधी पाहायला हवे, कारण एकतेची हाक तिथून निघाली. हत्येच्या दिवशी दुपारी चार वाजता सरदार पटेल गांधीजींना भेटायला आले होते. पंडित नेहरू आणि पटेल यांच्यातील मतभेद इतके ताणले गेले होते की दोघांपैकी एकाने मंत्रिमंडळातून बाहेर पडावे की काय, इथपर्यंत गोष्ट आली होती, आणि बोलणे याच विषयावर चालले होते. वेळेच्या बाबतीत काटेकोर असलेल्या गांधीजींना त्या भेटीमुळे प्रार्थनेला उशीर झाला. नात्यातल्या मनू आणि आभा या दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून ते हिरवळीवरून लगबगीने निघाले ते त्यामुळेच. त्याच रात्री नेहरू आणि पटेल दोघेही रेडिओवरून बोलले. नेहरूंच्या भाषणातील प्रकाश मावळल्याची प्रतिमा पुढे पाठ्यपुस्तकांत गेली, परंतु ऐकणाऱ्यांना त्यापेक्षा निकडीचे असे काही त्यात होते: कोणीही हिंसेकडे वळू नये, सर्वांनी एकत्र उभे राहावे आणि क्षुल्लक भांडणे मिटवावीत, हे आवाहन. स्वतः त्या दोघांनी ते तत्काळ अंमलात आणले. फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्यात जी पत्रे झाली, त्यांत मागचे किल्मिष बाजूला ठेवून एकत्र काम करण्याचा निश्चय आहे, आणि पटेलांच्या निधनापर्यंत, म्हणजे डिसेंबर १९५० पर्यंत, मतभेद कायम राहूनही ती जोडी मोडली नाही. सत्तेच्या शिखरावर तरी या मृत्यूने एकी घडवली.

अंत्ययात्रेची व्यवस्था लष्कराकडे सोपवण्यात आली. ३१ जानेवारीला तोफा-बंदुका वाहून नेण्याच्या लष्करी गाडीवर पार्थिव ठेवले गेले आणि इंजिन बंद ठेवून, सेनादलांतील सुमारे दोनशे जवानांनी दोरखंडांनी ती गाडी ओढत यमुनाकाठी राजघाटापर्यंत नेली. जेमतेम पाच मैलांच्या त्या वाटेला जवळजवळ पाच तास लागले. आयुष्यभर शस्त्राचा त्याग शिकवणाऱ्या माणसाची शेवटची वाट शस्त्रधाऱ्यांनी आखावी, ही विसंगती तेव्हाही काहींना खटकली होती. पण त्या वेळी लाखोंची गर्दी शांतपणे पुढे नेऊ शकेल अशी दुसरी यंत्रणा नव्या सरकारजवळ नव्हती, हेही खरे. इतिहासकार यास्मिन खान यांनी असे मांडले आहे की या अंत्यसंस्कारांच्या निमित्ताने स्वतंत्र भारताच्या सरकारने आपले अधिष्ठान लोकांसमोर पहिल्यांदा ठामपणे उभे केले. ते मान्य करण्यासारखे आहे. राष्ट्रीय दुखवटा तेरा दिवसांचा होता. तेरा दिवसांचा अवधी घरातल्या माणसासाठी असतो. जन्ममरणामुळे घराण्याला जी अशुद्धी लागते, तिला सुतक म्हणतात आणि ते भाऊबंदांनाच लागते. सबंध देशाने तेरा दिवस पाळावेत असे ठरवताना सरकारने नकळत एक कुटुंब कल्पिले होते. बाराव्या दिवशी अस्थी घेऊन दिल्लीहून निघालेल्या खास रेल्वेगाडीला सगळे डबे तिसऱ्या वर्गाचे जोडलेले होते, कारण गांधीजी त्याच वर्गाने प्रवास करीत. १२ फेब्रुवारीला प्रयागच्या संगमावर विसर्जन झाले. त्याच दिवशी देशभर नद्यांतून अस्थींचे अंश सोडण्यात आले. वर्ध्याजवळ पवनार येथे धाम नदीत विनोबांच्या उपस्थितीत ते झाले, आणि त्या तिथीला तिथे सर्वोदय मेळा भरू लागला.

तेव्हा ज्या तेरा दिवसांत राष्ट्र एक कुटुंब असल्याचे विधिपूर्वक मानले जात होते, त्याच दिवसांत सातारा जिल्ह्यात, सांगली-मिरजेच्या संस्थानी मुलखात, कोल्हापुरात, नागपूर-वऱ्हाडात, पुण्यात आणि मुंबईतही घरे जळत होती. ज्यांची घरे गेली त्यांच्या बोलण्यात या प्रकाराला आजही ‘जळीत’ म्हणतात. ‘अठ्ठेचाळीसचे जळीत’ एवढे म्हटले की जुन्या पिढीला वेगळे काही सांगावे लागत नाही. मुंबईत शिवाजी पार्कजवळ वि. दा. सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव सावरकर यांच्यावर जमावाने दगडफेक केली. त्या जखमांतून ते पुरते उठले नाहीत आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये वारले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा चित्रपट स्टुडिओ पेटवला गेला आणि तिथे तयार होत असलेल्या ‘मीठभाकर’ची चित्रफीत आगीत गेली. भालजींनी तो चित्रपट पुन्हा उभा केला. खेड्यांत मात्र पुन्हा उभे करणे सोपे नव्हते. लाकडी तुळया आणि माळवदाचा वाडा पेटला की भिंतींशिवाय काही उरत नाही, आणि वाड्याबरोबर जळते ते नुसते धान्य आणि कपडालत्ता नसते. माजघरातल्या पेट्यांमधले खतपत्र, गहाणखत, कुळांचे हिशेब, पिढ्यान्‌पिढ्यांची बाडेही जातात.

या कागदांचा उल्लेख करण्याला कारण आहे. कुळकर्णी म्हणजे गावचा वंशपरंपरागत हिशेबनीस. जमिनीची नोंद, सारा आणि दाखले त्याच्या हातात असत, आणि अनेक गावांत तोच सावकारही असे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला तेव्हापासून ब्राह्मणेतर चळवळीने या लेखणीच्या सत्तेविरुद्ध जो लढा दिला, तो न्याय्य होता यात शंका घेण्याचे कारण नाही. साताऱ्यात तर १९४३ ते १९४६ या काळात पत्री सरकार, म्हणजे नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इंग्रजी अंमल झुगारून चालवलेले प्रतिसरकार, उभे राहिले होते आणि सावकारीवर त्याचा रोख होता. थोडक्यात, १९४८च्या आगीत जे सरपण होते ते पिढ्यान्‌पिढ्या साठलेले होते, आणि पुण्यातल्या एका माणसाच्या पिस्तुलाने फक्त काडी लावली. कित्येक ठिकाणी जाळणाऱ्यांत बाहेरून आलेले कोण आणि गावातले कोण, याची उजळणी अजून चालते. शेजाऱ्यांनी लपवून ठेवल्याच्या, अंगावरच्या वस्त्रानिशी मळ्यात नेऊन पोचवल्याच्या आठवणीही त्याच तोंडांनी सांगितल्या जातात. त्या सांगताना सहसा शेजाऱ्याची जात सांगितली जाते, आणि ती सांगण्यातच त्या काळाची नोंद आहे.

परंतु कारण सापडले म्हणजे कृत्याचे समर्थन झाले असे होत नाही, आणि इथे ब्राह्मणेतर चळवळीच्या काही अभ्यासकांनी जो सैल हात ठेवला आहे तो मान्य करता येत नाही. जमावापाशी आडनावाशिवाय दुसरा पुरावा नव्हता. आडनाव हाच पुरावा मानायचा तर गांधीजींनी ज्यांना आपले राजकीय गुरू म्हटले ते गोपाळ कृष्ण गोखले त्याच पोटजातीचे, ज्यांना त्यांनी १९४० मध्ये पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडले ते विनोबा भावे त्याच पोटजातीचे, आणि गांधीजींच्या मृत्यूचा सर्वांत खोल शोक मराठीत ज्यांनी केला ते साने गुरुजीही त्याच पोटजातीचे. दुसऱ्या बाजूलाही हाच दोष निराळ्या रूपाने आढळतो. जळिताचा इतिहास सांगताना कित्येक जण इतक्या घाईने राखेपर्यंत पोहोचतात की बिर्ला भवनातल्या हिरवळीवरून त्यांना जावेच लागत नाही. हत्येच्या बातमीवर काही घरांत पेढे वाटले गेल्याच्या आठवणीही मग सोयीस्करपणे गळतात. दोन्ही बाजू आपापल्या दुःखाला सुतक लावतात, दुसऱ्याच्या दुःखाशी त्यांना सोयरसुतक नसते.

या पार्श्वभूमीवर पांडुरंग सदाशिव साने यांनी जे केले ते वेगळे ठरते. साने गुरुजी हे गांधींचे आंधळे अनुयायी नव्हते. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराची दारे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उघडावीत म्हणून त्यांनी आमरण उपोषण मांडले तेव्हा चुकीच्या माहितीवरून गांधीजींनी ते थांबवण्यास तारेने कळवले होते, आणि गुरुजींनी ते मानले नव्हते. दहा दिवसांनी बडव्यांचा विरोध मावळून मंदिर खुले झाले. अशा माणसाने गांधीहत्येनंतर एकवीस दिवसांचे उपोषण केले, आणि ते कोणाविरुद्ध नव्हते. उपोषण हे साधारणतः दुसऱ्यावर दबाव आणण्याचे साधन समजले जाते; गांधीजींनी स्वतः १३ जानेवारीला दिल्लीत जे शेवटचे उपोषण सुरू केले आणि १८ जानेवारीला सर्व पक्षांच्या प्रतिनिधींनी शांततेची लेखी हमी दिल्यावर सोडले, त्यातही दबावाचा अंश होताच. गुरुजींच्या उपोषणात मागणी नव्हती. मारेकरी आपल्या भूमीत, आपल्या भाषेत वाढला, तेव्हा त्याच्या पापाचा काही वाटा आपल्याकडे येतो, या जाणिवेने घेतलेले ते प्रायश्चित्त होते.

प्रायश्चित्त ही कल्पना आज अनेकांना जुनाट वाटेल, आणि एका व्यक्तीच्या गुन्ह्याची जबाबदारी समाजाने घ्यावी हा विचार तर धोक्याचाच आहे. जमावही नेमका तोच विचार करून मशाली घेऊन निघाला होता. फरक कुठे आहे हे म्हणून नीट पाहावे लागते. जमावाने गुन्ह्याचा वाटा दुसऱ्यांच्या अंगावर टाकला, गुरुजींनी तो आपल्या अंगावर घेतला. ब्राह्मण म्हणून दुसऱ्याने तुला जाळावे, ही गोष्ट वेगळी. मराठी म्हणून, शिक्षक म्हणून, मुलांना गोष्टी सांगणारा माणूस म्हणून आपण कुठे कमी पडलो हे स्वतःला विचारणे वेगळे. शोकसभांतून एकतेची जी हाक दिली जाते तिच्यात हा दुसरा प्रश्न जवळजवळ कधीच नसतो. वक्ता मृताच्या पंगतीत उभा राहतो, मारेकऱ्याला परका ठरवतो आणि उरलेल्यांना एक होण्यास सांगतो. असे एक होण्याला फारसे काही मोजावे लागत नाही, त्यामुळे ते टिकतही नाही.

मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या सहकाऱ्यांची बैठक भरली, तिच्यात नेहरू, राजेंद्रप्रसाद, मौलाना आझाद, कृपलानी अशी मंडळी होती. तिथे विनोबा याच सुरात बोलले: हत्या करणारा ज्या प्रांतातला आणि ज्या जातीतला, तिथेच आपला जन्म झाला हे आपल्याला विसरता येत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. जात तर त्यांनी केव्हाच सोडली होती. नंतर ते निर्वासितांच्या आणि मेवातातून उखडलेल्या मेव मुसलमानांच्या पुनर्वसनाच्या कामासाठी उत्तरेत गेले, आणि पुढच्या काही वर्षांत भूदानाची वाट त्यांना सापडली. गुरुजींनी त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतातल्या प्रत्येक भाषेच्या माणसाने आणखी एक भारतीय भाषा आणि तिच्यातले साहित्य जाणावे, प्रांतांनी एकमेकांच्या घरात जावे, ही त्यांची आंतरभारतीची कल्पनाही याच काळातली. राष्ट्रीय एकात्मता हा शब्द सरकारी फलकांवर येण्याच्या बराच आधी एका मराठी मास्तराने तिचा अभ्यासक्रम आखला होता, आणि तो घोषणांचा नसून तमिळ, बंगाली, कन्नड शिकण्याचा होता. त्याचे पुढे जे थोडेबहुत झाले ते शिबिरे आणि पुस्तके यांपुरते राहिले, ही गोष्ट आंतरभारतीच्या कार्यकर्त्यांइतकीच मराठी वाचकांच्याही आळसाची आहे.

सरकारचा मार्ग अर्थात वेगळा होता. ४ फेब्रुवारीला राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी आली, ती जुलै १९४९ मध्ये उठली. लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्माचरण यांच्यासमोर खटला चालला आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. वि. दा. सावरकर निर्दोष सुटले, मारेकरी नथुराम गोडसे आणि त्याचा साथीदार नारायण आपटे यांना फाशीची, इतरांना जन्मठेपेची शिक्षा झाली. या टप्प्यावर मृताच्या घरून एक मागणी आली. मणिलाल आणि रामदास या गांधीजींच्या दोन पुत्रांनी फाशी रद्द करावी अशी विनंती केली. चितेला अग्नी देणारे रामदासच होते. राष्ट्राने स्वतःला कुटुंब म्हणवून घेतले होते, पण खऱ्या कुटुंबाचे म्हणणे राष्ट्राने मानले नाही आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी देण्यात आली. कायद्याच्या दृष्टीने सरकारला दोष देता येत नाही. तरीही ज्याच्या नावाने तेरा दिवस पाळले गेले त्याने काय केले असते, हा प्रश्न त्याच्या मुलांनाच सुचावा आणि मंत्रिमंडळाला अडचणीचा वाटावा, यात गांधीजींच्या पश्चातला भारत बराचसा दिसतो.

जळिताचा निवाडा मात्र कुठल्याच न्यायासनापुढे अशा रीतीने मांडला गेला नाही. १९६४ मध्ये नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे जन्मठेप भोगून तुरुंगातून सुटून आल्यावर पुण्यात झालेल्या सत्कारात कटाची आगाऊ कल्पना असल्याचे बोल निघाले, त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा आयोग बसला. १९६९ मध्ये त्याने अहवाल दिला. कटाची माहिती कोणाला होती आणि पोलिसांनी काय केले, एवढाच त्याचा विषय होता. हत्येनंतर महाराष्ट्रात काय झाले हे त्याच्या कक्षेत नव्हते. दरम्यान जळिताने गाव सोडलेली कुटुंबे पुण्या-मुंबईत, नागपुरात स्थिरावली होती, मुले नोकऱ्यांना लागली होती, आणि १९४८च्या कूळकायद्याने व त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी गावाकडच्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या होत्या. जमिनीचे झाले ते न्यायाचे झाले, पण आगीची आठवण आणि जमिनीची आठवण एकमेकींत इतकी मिसळली की कुटुंबांतल्या बोलण्यात दोन्हींचे श्रेय वा दोष आजही एकाच खात्यावर टाकला जातो. हा गुंता साहित्याने थोडाफार सोडवला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्या दिवसांतल्या माणदेशी खेड्याकडे नेते, आणि आपण जळणाऱ्या घरातलेच असूनही जाळणाऱ्यांची ओळख हरवू न देणारी नजर तिच्यात आहे. आकाराने लहान असलेल्या या पुस्तकाइतके काम त्या विषयावरच्या चर्चासत्रांनी केलेले नाही.

दर वर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता सरकारी कचेऱ्यांत, शाळांत दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते. साताऱ्याच्या, सांगलीच्या, कोल्हापूरच्या शाळांतही ती पाळली जाते, आणि भाषणात दिल्लीचा, प्रार्थनेचा, तीन गोळ्यांचा उल्लेख होतो. आपल्याच तालुक्यात त्या आठवड्यात कोणते वाडे जळले, कोणी कोणाला लपवले, आणि त्याच जिल्ह्यांतून स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या माणसांपैकी किती जण तेव्हा जमावासमोर उभे राहिले, हे त्या भाषणात नसते. ते गुरुजनांना ठाऊक असते, विद्यार्थ्यांच्या आजोबांनाही ठाऊक असते. आणि पुण्यातल्या ज्या घरांत जळिताची गोष्ट नातवंडांना सांगितली जाते, तिथे ती बहुधा त्या दिवशी सांगितली जात नाही.